फिल्टरवरचे चार पिवळे टिपके

जीपचं बोनेट वर केलं, एअर फिल्टरवर नजर पडली आणि इंजिनाचा एकही नट सैल करण्याआधी मी निकाल देऊन टाकला. अर्थात मनातल्या मनात. तोंडाने म्हणालो, "बघू, उघडून बघू."

फिल्टर कंपनीचा नव्हता. कंपनीचा फिल्टर काळ्या प्लॅस्टिकच्या बंद डब्यात बसतो. घड्याघड्यांच्या कागदाचा, आतून पोकळ, दुधाच्या बरणीएवढा गोल. इथे तो डबाच काढून टाकला होता. त्या जागी चकचकीत धातूचा पाइप, आणि पाइपाच्या टोकाला लाल कापडाचा, कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर. बाजारात याला आफ्टरमार्केट इन्टेक म्हणतात. गाडीबरोबर न येता बाहेरून आणून लावलेला, एवढाच त्याचा अर्थ. मी कापडाच्या घडीत बोट घातलं. बोट तेलकट झालं.

"हे कोणी बसवलं?" मी विचारलं.

"दत्ताभाईने," जीपचा मालक निखिल म्हणाला. "प्रतापनगरवाल्या."

मला तेच ऐकायचं होतं.

मी तेव्हा बडोद्यात एका मोटार कंपनीच्या डीलरकडे वर्क्स मॅनेजर होतो. वर्कशॉपमध्ये आलेली गाडी बरी होऊन बाहेर जाईपर्यंत जबाबदारी माझी आणि रिपोर्टवर सही माझी. निवृत्त होऊन आता आठ वर्षं झाली. इतक्या सह्यांपैकी ही एक चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे मला सही केल्यावर चौथ्याच दिवशी कळलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाचा माझ्याबद्दल चांगला गैरसमज व्हायला नको.

निखिल सुर्वे दांडिया बाजारातला. आर्किटेक्ट. रविवार आला की ऑफ-रोडिंगच्या ग्रुपबरोबर जीप घेऊन महीच्या कोतरांत जायचा. कोतरं म्हणजे नदीकाठच्या मातीच्या खोल घळी. तिथली धूळ गव्हाच्या पिठासारखी असते. पुढच्या गाडीमागे राहिलात तर भर दुपारी हेडलाइट लावावे लागतात. त्याची तक्रार अशी, की जीप निळा धूर सोडते, चढावर जोर धरत नाही आणि इंजिन ऑइल पिते. वॉरंटी अजून शिल्लक होती.

इंजिन हवा ओढतं. हवेबरोबर धूळ आत गेली की ती ऑइलमध्ये मिसळते आणि पॉलिश पेपरचं काम करते. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजतात, सिलिंडरची भिंत झिजते. मग ऑइल वर चढून जळतं, निळा धूर येतो, जोर जातो. आमच्या भाषेत, इंजिनाने धूळ खाल्ली. निखिलच्या इंजिनाने ती पोटभर खाल्ली होती, हे उघडल्यावर दिसलंच. प्रश्न एवढाच होता, की वाढली कोणी?

लाल फिल्टरबद्दल माझं मत तेव्हा वाईट होतं आणि आजही फारसं सुधारलेलं नाही. विकणारे सांगतात, हवा मोकळी येते, पॉवर वाढते. हवा मोकळी येते हे खरं. पण हवेला मोकळी वाट देणारं कापड बारीक धुळीलाही सहसा फार अडवत नाही. आणि डबा काढून फिल्टर बोनेटखाली उघडा ठेवला, की तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. नुसता फिल्टर बदलून आजच्या डिझेल गाडीची पॉवर वाढलेली मी तरी पाहिली नाही. वाढतो तो आवाज. आवाज वाढला की चालवणाऱ्याला वाटतं, गाडी पळायला लागली.

म्हणजे संशय घ्यायला जागा होती. पण माझा सगळा संशय फिल्टरवर नव्हता. बराचसा दत्तावर होता.

दत्ता पवार माझ्या हाताखाली अकरा वर्षं होता. मेकॅनिक म्हणून माझ्यापेक्षा त्याचा कान चांगला, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. या जीपच्या दोन वर्षं आधी त्याने नोकरी सोडून प्रतापनगरला स्वतःचं गॅरेज टाकलं. कोतरांत जाणारी सगळी मंडळी हळूहळू त्याच्याकडे गेली. नोकरीत असताना तो मला साहेब म्हणायचा. गॅरेज टाकल्यावर रावपुऱ्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काय देवधरकाका, बरं आहे ना?" बडोद्यात वडीलधाऱ्याला काका म्हणतातच. मला मात्र तो शब्द बरेच दिवस टोचला.

कंपनीचे एक इंजिनियर अहमदाबादहून आले. वॉरंटीचा क्लेम मान्य करायचा की नाही, हे ते ठरवणार होते. असा माणूस नाही म्हणायचं कारण शोधतच येतो, हे मला ठाऊक होतं. त्यांनी सर्व्हिस हिस्टरी विचारली. मी सांगितलं, सगळ्या सर्व्हिस आमच्याकडे, सगळ्या वेळेवर. त्यांनी जॉब कार्ड मागितली नाहीत. मीही काढून दाखवली नाहीत. जॉब कार्ड म्हणजे प्रत्येक सर्व्हिसला गाडीत काय सापडलं आणि काय केलं याची नोंद. मग त्यांनी लाल फिल्टरचे चार फोटो काढले आणि मला माझं मत विचारलं. मी दिलं.

रिपोर्टच्या 'मूळ कारण' या रकान्यात मी लिहिलं, बाहेरच्या गॅरेजने बसवलेला निकृष्ट इन्टेक व फिल्टर. पुढे कंसात दत्ताच्या गॅरेजचं नाव लिहिलं. गॅरेजच्या नावाची गरज नाही, असं इंजिनियर म्हणाले होते. मी म्हणालो, रेकॉर्डला असू द्या.

क्लेम नाकारला गेला. निखिलने संतापून रिपोर्टचा फोटो त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या आठवड्यात दत्ताकडच्या दोन जीप अर्ध्या कामातून परत गेल्या, असं माझ्या कानावर आलं. मला वाईट वाटलं नाही.

चौथ्या दिवशी दत्ता वर्कशॉपवर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदाचा जुना फिल्टर.

"निखिलभाईच्या गाडीतला आहे, काका. लाल बसवला तेव्हा मीच काढला. कालपर्यंत कोपऱ्यात पडून होता. काल आत टॉर्च घालून पाहिला. तुम्हीही पाहा."

"काय पाहू?"

"पाहा तर खरं. आणि गाडी माझ्याकडे का आली ते निखिलभाईला विचारा. पिकअप गेला होता म्हणून आली. धूर तेव्हाही होता. मोकळा फिल्टर लावला की जोर परत येईल, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. लाल लावून दोनच महिने झालेत. तेवढ्यात इंजिन इतकं झिजत नाही, काका. हे तुम्ही मला शिकवलंय."

"ठेव. बघतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी स्टोअर रूममध्ये गेलो, दार लावलं, दिवा घालवला आणि फिल्टरच्या पोकळीत टॉर्च धरला. चांगल्या कागदातून प्रकाश मंद, सारखा झिरपतो. या कागदातून घड्यांच्या कडांवर ठिकठिकाणी उजेडाचे टोकदार बिंदू आले. भोकं. अशा फिल्टरमधून पीठ चाळता आलं असतं.

माझा पहिला विचार असा, की दत्ताने सुई टोचली आहे. मग मी फिल्टर उलटा केला. कडेच्या रबरावर चार पिवळे टिपके होते.

या टिपक्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण ते माझे होते. कंपनीचं पुस्तक सांगायचं, की धुळीत चालणाऱ्या गाडीचा कागदी फिल्टर साफ करू नका, बदला. मला ते कधी पटलं नाही. मी शिकलो जुन्या जीपांवर. त्यांच्या फिल्टरला तेलाचं भांडं असायचं. ते उघडायचं, गाळ काढायचा, रॉकेलने धुवायचं, नवं तेल भरायचं. वस्तू धुवून वापरणं हा आमच्या पिढीचा धर्म. नुसती धूळ बसली म्हणून चांगला फिल्टर फेकून द्यायचा, हे मला उधळेपणाचं वाटायचं. म्हणून मी वर्कशॉपचा नियम केला. चार सर्व्हिस हवा मारून साफ करायचा, पाचव्याला बदलायचा. प्रत्येक वेळी पिवळ्या रंगाचा एक टिपका द्यायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही.

त्यात आणखी एक खेळ शिरला. गिऱ्हाईक समोर उभं असेल तर फिल्टर त्याच्यासमोर काढायचा, आत कंप्रेसरची नळी घालायची आणि हवा मारायची. धुळीचा ढग उठायचा. गिऱ्हाईक रुमाल नाकाला लावून खूश व्हायचं. याला सर्व्हिस म्हणतात, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. ढग जितका मोठा तितकं समाधान मोठं, म्हणून पोरं प्रेशर कमी करायची नाहीत आणि नळी कागदाला चिकटवून धरायची. मी हे रोज बघत होतो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं म्हणजे ढग दाखवायची कल्पनाही माझीच.

सुईचा संशय मात्र सुटेना. तो सुटू नये, अशी माझी इच्छा होती. मी स्टोअरमधून त्याच मॉडेलचा नवा फिल्टर काढला. आधी अंधारात टॉर्च घालून पाहिला. एकही भोक नव्हतं. मग कंप्रेसरजवळ गेलो आणि आमच्याकडे मारतात तशीच हवा मारली, चार वेळा. परत अंधारात आलो. उजेडाचे बिंदू दिसले. जुन्यापेक्षा कमी, पण तेच, आणि घड्यांच्या त्याच कडांवर.

मग निखिलच्या गाडीची जॉब कार्ड काढली. चौथ्या सर्व्हिसच्या कार्डावर आमच्याच माणसाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिन ऑइल एक लिटर कमी, टॉप-अप केलं.' म्हणजे लाल फिल्टर लागण्याआधीच इंजिन ऑइल पीत होतं. खाली सही माझी.

धूळ आम्ही वाढली होती.

या क्षणी रिपोर्ट मागे घेणं अवघड नव्हतं. अहमदाबादला एक फोन लागला असता. मी केला नाही. एकदा हे मान्य केलं, की पुढचा प्रश्न ठरलेला होता. असे चार टिपक्यांचे फिल्टर घेऊन तुमच्या वर्कशॉपमधून किती गाड्या बाहेर गेल्या? त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सोमवारी मी नवा नियम लावला. यापुढे फिल्टरला हवा मारायची नाही, सरळ बदलायचा. कोणी कारण विचारलं नाही. पिवळ्या रंगाचा डबा मी स्वतः उचलून ठेवला. पुढच्या गिऱ्हाइकांची इंजिनं वाचली. दत्तावरचा ठपका मी तसाच ठेवला.

त्याचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी म्हणालो, "बघतोय." तिसरा आला नाही.

वर्षभरात त्याने गॅरेज बंद केलं. नंदेसरीच्या एका कारखान्यात फोर्कलिफ्टच्या देखभालीला लागला, शिफ्टमध्ये. रावपुऱ्यात लांबून दिसला की मी रस्ता ओलांडायचो.

निवृत्त झालो तेव्हा तो फिल्टर घरी आणला. फेकवला नाही, दाखवताही येईना. तो माळ्यावर राहिला. बायको दर दिवाळीला खाली काढते, पुसते आणि परत ठेवते. हे काय आहे, असं तिने एकदाच विचारलं होतं. मी म्हणालो, ऑफिसचं आहे.

गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. त्याने नवी जीप घेतली होती.

"काका, ग्रुपमध्ये भांडण चाललंय. अर्धे म्हणतात इन्टेक लाव, स्नॉर्कल लाव. अर्धे तुमचा रिपोर्ट दाखवतात आणि नको म्हणतात. तुम्हीच सांगा ने आता."

"कुठला रिपोर्ट?"

"तुमचाच ने. पिन करून ठेवलाय. नवा मेंबर आला की पहिला तो वाचायला लावतात. दत्ताभाईसारख्या लोकांकडे जाऊ नका म्हणून."

क्षणभर मला वाटलं, याला सगळं कळलं आहे आणि हा मला चाचपतो आहे. खोटं लपवलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्नात सापळा दिसतो. पण त्याच्या आवाजात तसं काही नव्हतं. तो खरोखरच सल्ला विचारत होता. मी म्हणालो, दोन दिवस दे, लिहून देतो.

मी नवा रिपोर्ट लिहिला. जुन्याच नमुन्यात, एक पान. तक्रार, निरीक्षण, मूळ कारण. मूळ कारणाच्या रकान्यात आमच्या वर्कशॉपची पद्धत आणि ती लावणारा म्हणून माझं नाव लिहिलं. माळ्यावरून फिल्टर काढला आणि निखिलकडे जाण्याआधी वाडी भागात दत्ताच्या घरी गेलो. तो सकाळच्या शिफ्टवरून नुकताच आला होता. दारात मला बघून तो बाजूला झाला. खुर्ची पुढे केली.

"बसा, साहेब."

इतक्या वर्षांनी परत साहेब. पूर्वी ज्या शब्दाची मी वाट पाहिली असती, तो ऐकून मला खुर्चीत नीट बसवेना.

मी सगळं सांगितलं. स्टोअर रूम, नवा फिल्टर, जॉब कार्ड. चौथ्या दिवशीच कळलं होतं, हेही. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही टॉर्च लावलाच नसेल."

मग त्याने कागद घेतला, चष्मा लावला आणि दोनदा वाचला. शर्टाच्या खिशातून पेन काढलं.

"यात एक राहिलंय."

"काय?"

"सेन्सर. हवा मोजणारा सेन्सर असतो ना पाइपात, त्यावर तेलाचा थर होता. तो माझा. लाल फिल्टरला तेल मी जास्त लावलं होतं. त्याने पिकअप आणखी बिघडला."

"त्याने इंजिन गेलं नाही, दत्ता."

"नाही गेलं. पण तो उघडा फिल्टर कोतरात जाणाऱ्या गाडीला लावायलाच नको होता. थोडी धूळ त्यानेही आत सोडली असणार. गिऱ्हाईक म्हणालं लाव, मी लावला. आणि जुना फिल्टर तेव्हाच टॉर्चने पाहिला असता, तर गाडी त्याच दिवशी तुमच्याकडे पाठवली असती. हेही लिहा."

"लोक तेवढंच वाचतील. दत्ताने स्वतःच कबूल केलं, म्हणतील."

"म्हणू देत," तो म्हणाला. "अर्धा रिपोर्ट एकदा झालाय, साहेब."

मी त्याच्याच पेनने लिहिलं. खाली दोघांनी सही केली.

निखिलला कागद आणि फिल्टर दोन्ही नेऊन दिले. वॉरंटी त्याच्या हक्काची होती आणि ती माझ्यामुळे गेली, हे तोंडावर सांगितलं. तो बराच वेळ फिल्टरमध्ये मोबाइलचा उजेड पाडून बघत राहिला. मग म्हणाला, "इंजिनाचं जाऊ द्या, काका. मी इतकी वर्षं दत्ताभाईला सगळ्यांपुढे चोर म्हणत आलो ने." त्याने पुढे माझ्याशी फारसं बोलणं ठेवलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. एक प्रत मी जुन्या डीलरला पाठवली. पोहोच आलेली नाही.

पिन केलेला कागद मात्र बदलला. त्यावर ग्रुपमध्ये काय चर्चा झाली ते मला माहीत नाही. एकाने एवढंच विचारल्याचं कळलं, की म्हणजे लाल फिल्टर चांगला की वाईट, एका शब्दात सांगा.

एका शब्दात येत नाही, पण थोडक्यात सांगतो. धुळीत जाणाऱ्या जीपला कंपनीचा बंद डबा आणि कंपनीचा कागदी फिल्टर पुरतो. पुस्तकात लिहिलं आहे त्याच्या आधी बदलावा. डब्याच्या क्लिपा आणि पाइपाचे क्लॅम्प घट्ट आहेत का, हे दर रविवारी हाताने चाचपावं. स्नॉर्कल, म्हणजे टपापर्यंत नेलेली हवेची नळी, उपयोगी आहे. वर धूळ कमी असते आणि पाण्यात गाडी घातली तरी इंजिन पाणी ओढत नाही. पण तिचे सांधे सील केलेले असले तरच. नुसती शोभेची नळी म्हणजे धुळीला आणखी एक दार. पॉवरसाठी काहीही लावू नये. कागदी फिल्टरला हवा मारू नये, कोणी कौतुकाने ढग दाखवत असेल तरी.

दत्ताचं गॅरेज परत उघडलेलं नाही. विकलेली हत्यारं परत येत नाहीत, आणि पन्नाशीनंतर शिफ्टची सवय होते, असं तो म्हणाला. फिल्टर निखिलकडे आहे. नवा मेंबर आला की कागदाआधी त्याच्या हातात फिल्टर आणि टॉर्च देतात.

आयुष्यभर मी शिकाऊ मेकॅनिकना सांगत आलो, की बाहेरच्या पार्टवर पहिला संशय घ्या. ते अजूनही खरं आहे. फक्त सही करण्याआधी आपली जॉब कार्ड काढून बघावीत. माझी तिसऱ्या कपाटात होती, टेबलापासून दहा पावलांवर.